पायाचे माप

वाचनासाठी : योहान १३:१-१७, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर कमिटीची बैठक बसली आणि तिच्यात एक ठराव आला. आमचे महिला मंडळ दर नाताळाला शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात हाताने विणलेले नक्षीचे पायमोजे देते, ते यंदापासून बंद करावे आणि त्याऐवजी बाजारातले तयार मोजे वाटावेत, असा. ठराव मांडणारे काका हिशेबाला पक्के. एका जोडीच्या लोकरीच्या पैशात तयार मोज्यांच्या तीन जोड्या येतात, शिवाय बायकांचे डोळे वाचतात ते वेगळेच, असे त्यांनी फार हळू आवाजात सांगितले. आम्हाला वाईट वाटेल याची त्यांना धास्ती होती.

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. आम्ही चौघी, म्हणजे मंडळात अजून सुया हातात धरणाऱ्या उरलेल्या चौघी, गप्प बसलो. विरोध केला नाही, हातही वर केला नाही. बाहेर पडताना पाळकसाहेब म्हणाले, "काय हो, यंदा भांडला नाही तुम्ही?" रस्त्यात उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते. कारण एक गोष्ट आम्ही फेब्रुवारीपासून कमिटीला सांगितलेली नव्हती. ती आज इथे लिहीत आहोत.

बेळगावच्या थंडीला काय थंडी म्हणायचे, असे आमचे ग्वाल्हेर-इंदूरकडचे वाचक हसत म्हणतील. पण डिसेंबरातल्या पहाटे शहाबादी फरशीवर पाय ठेवताना ऐंशी वर्षांच्या माणसाला काय वाटते ते त्यालाच विचारावे. म्हाताऱ्या पायांत रक्त सावकाश फिरते. अंगावर दोन चादरी असल्या तरी पाय गार पडलेले असतात, आणि पाय गार असले की झोप येत नाही. म्हणून मोजे. आणि नाताळची भेट म्हणून नक्षीचे मोजे, तांबड्यावर पांढरी चांदणी.

नक्षीचा मोजा कसा होतो हे थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे समजणार नाही. दोन्ही टोकांना अणी असलेल्या चार किंवा पाच सुयांवर तो गोल विणत जातात. त्याला शिवण कुठेच नसते. प्रभूचा अंगरखाही वरपासून खालपर्यंत असाच सलग विणलेला होता, असे योहान सांगतो, आणि म्हणूनच शिपायांना तो फाडवेना. मोज्याच्या टोकाला, बोटांपाशी, समोरासमोरचे टाके सुईने असे जोडतात की तिथेही शिवणीचा कंगोरा राहत नाही. इंग्रजीत या जोडणीला किचनेरचे नाव आहे. हिंदुस्थानात १९०२ ते १९०९ सरसेनापती होता तोच हा किचनेर. त्याने ती खरोखर शोधली की नाही ते असो.

नक्षीसाठी दोन रंगांच्या लोकरी एकाच वेळी चालतात. ज्या रंगाचा टाका हवा तो धागा सुईवर येतो आणि दुसरा मागून आडवा सरकतो. बाहेरून चांदणी दिसते, आतून आडव्या धाग्यांची रांग. या दुहेरीपणामुळेच नक्षीचा मोजा साध्यापेक्षा ऊबदार असतो आणि याच दुहेरीपणात त्याचा धोका आहे. मागचा धागा जरा ओढून घेतला की मोजा ताणत नाही आणि टाचेवरून चढत नाही. सैल सोडला की आत फास तयार होतात. लांब पल्ल्याचा धागा मध्येच एखाद्या टाक्यात अडकवून घ्यावा लागतो. ते काम कंटाळवाणे असते आणि बाहेरून कोणाला दिसत नाही.

आम्हाला विणकाम शिकवणाऱ्या शिवणवर्गाच्या बाई मोजा हातात घेतला की आधी उलटा करायच्या. "सुलट बाजू लोकांना दिसते, पायाला उलटी बाजू लागते," असे त्यांचे म्हणणे. आम्ही ते ऐकले होते. पाठही होते.

या फेब्रुवारीत जुन्या चादरी पोहोचवायला आम्ही त्या आश्रमात गेलो. एरवी आमची फेरी नाताळातलीच: केक, नेवऱ्या, गाणी, मोज्यांचे वाटप, सगळ्यांचा मिळून एक फोटो, आणि अंधार पडायच्या आत परत. फेब्रुवारीत कोणी आमची वाट पाहत नव्हते, त्यामुळे जे आहे ते दिसले. एका खाटेच्या उशाशी आमच्या चांदणीच्या मोज्यात चष्मा आणि गोळ्यांची पाकिटे ठेवलेली होती. दुसरी जोडी खिडकीच्या खिळ्याला टांगलेली, तिच्यात सुपारी. एक जोडी अजून रिबिनीसकट प्लॅस्टिकमध्ये. एक आजोबा समजावणीच्या सुरात म्हणाले, "देखणे आहेत हो बाई. पण पाय काय आत जात न्हाई."

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी दिसल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. आजींना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि पावलांची जाणीव जवळजवळ गेलेली आहे. मोज्याच्या आतला एक सैल धागा अंगठ्याच्या नखात अडकला, मोजा काढताना ओढला गेला आणि नख उचकटले. त्यांना कळलेच नाही. दोन दिवसांनी चादरीला डाग दिसला तेव्हा सिस्टरच्या लक्षात आले. हे आम्हाला आजींनी सांगितले नाही, सिस्टरने सांगितले, तेही आम्ही विचारल्यावर. आजी उलट म्हणाल्या, "मोजे लई ऊबदार होते गं."

मधुमेहाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना घरच्या अनुभवाने माहीत असेल. ती ईस्टरपर्यंत भरली नाही. पुढे भरली, अंगठा वाचला, देवाची कृपा. पण ते सगळे आठवडे आम्ही चर्चमध्ये बसून कोणत्या तोंडाने उपकारस्तुती करत होतो, ते आमचे आम्हाला माहीत.

त्या दिवशी परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. नंतर बोललो तेव्हा आधी लोकरीला दोष दिला, मग एकमेकींना दिला, मग मनातल्या मनात त्या बिचाऱ्या सिस्टरलाही देऊन पाहिला. शेवटी वही उघडली. वहीत तीस जोड्यांचा हिशेब होता, कोणत्या रंगाची लोकर किती, कोणी किती जोड्या केल्या. पायाचे माप एकही नव्हते. तीसच्या तीस जोड्या चौसष्ट टाक्यांवर.

चौसष्टच का, तर चांदणीची नक्षी आठ टाक्यांची. चौसष्ट टाक्यांत आठ चांदण्या बरोबर बसतात. आमच्या लोकरीला आणि सुयांना एका इंचात आठ टाके येतात. चवड्याचा घेर साडेआठ इंच असला आणि मोजा पायाला धरून राहावा म्हणून दहा टक्के कमी केले, तर सुमारे एकसष्ट टाके हवेत. पण एकसष्टला आठाने भाग जात नाही. छप्पन्न केले तर घट्ट, चौसष्ट केले तर ढगळ, आणि मधले काही केले तर एक चांदणी अर्धी तुटते. सुजलेल्या पायाला बहात्तर लागतील, लकव्याने वाळलेल्या पायाला अठ्ठेचाळीस. हे सगळे आम्हाला येत होते. पण चौसष्टवर फोटो चांगला येत होता. पायाला मोजा बसवायचा सोडून आम्ही नक्षीला पाय बसवत होतो.

महिला मंडळांना आपल्याकडे दुर्कसचे नाव देण्याची जुनी रीत आहे. यापोची ती टबीथा मेली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व कपडे त्यांनी त्याला दाखवले. या प्रसंगावर आम्ही कितीदा प्रवचन ऐकले, स्वतः दोन-तीनदा बोललोही, आणि दर वेळी तिच्या दानशूरपणावर बोललो. यंदा वाचताना वेगळेच खटकले. टबीथा त्या बायकांबरोबर असताना हे कपडे करत होती, असे लूक लिहितो. ती त्यांच्यात होती. कोणाच्या खांद्याला किती कापड लागते हे तिला माहीत असणार. आमच्या आश्रमातल्या विधवांना उद्या कोणी आमचे काम दाखवायला सांगितले असते, तर त्यांनी चष्म्याची पिशवी दाखवली असती.

मग ईस्टरनंतर आम्ही दर गुरुवारी संध्याकाळी टेप घेऊन जाऊ लागलो. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळचे माप रात्री घट्ट होते. तीन मापे घ्यायची: चवड्याचा घेर, टाचेवरून घोट्याच्या पुढच्या बाजूपर्यंतचा तिरका घेर, आणि लांबी. दोन्ही पायांची वेगवेगळी. काम दोन मिनिटांचे. पण पहिल्या दिवशी आम्ही दीड तासात पाच माणसांची मापे घेऊ शकलो. कोणी पाय पुढे करीना. एका काकूंनी साडी ओढून पाय झाकले, "नको गं, घाण हाईत." एक निवृत्त मास्तर म्हणाले, "तुम्ही देवळात जाणारी माणसं, माझ्या पायाला कसला हात लावता?" आणि पट्टीवाल्या आजींनी तर टेप पाहताच दोन्ही पाय पोटाशी घेतले. त्यांना आमची भीती वाटली असेल तर त्यात चूक काय?

तेराव्या अध्यायातला पेत्र आम्हाला त्या संध्याकाळी समजला. गुरू खाली बसला आहे, कमरेला रुमाल आहे, हातात आपली टाच आहे, आणि त्या टाचेच्या भेगा त्याला दिसताहेत. नको म्हणणे सोपे असते. आम्ही या अध्यायातून नम्रता शिकवतो, ते बरोबरच आहे. पण पाय धुणाऱ्याला पायाची माहिती होते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. कोणाच्या पायात काटा मोडला आहे, कोणाचे नख वाढले आहे. बारा जणांचे चोवीस पाय त्याने हातात घेतले, आणि त्यात यहूदाचेही दोन होते.

म्हणून आमचे मत असे झाले आहे: ज्याच्या पायाला हात लावला नाही, त्याच्यासाठी हाताने विणू नये. त्याला तयार मोजे द्यावेत. यंत्राचा मोजा निदान कोणाच्या नावाने केल्याचा आव आणत नाही. तो ताणतो, धुता येतो, स्वस्त आहे. मऊ सुताचा, सैल काठाचा, आत शिवण टोचत नाही ना ते बोटाने तपासून घेतलेला तयार मोजा बहुतेकांना पुरतो. काकांचे बरोबर आहे. हे लिहिताना आमच्यातल्या एकीने दोनदा उठून पाणी प्यायले, तरी लिहितो.

मग ठरावाला हात वर का केला नाही? कारण बाजारातल्या जोडीतले दोन्ही मोजे सारखे असतात आणि माणसाचे दोन्ही पाय सारखे नसतात. आमच्या वहीत आता अशी आठ माणसे आहेत. एकाचा डावा पाय लहानपणच्या पोलिओने बारीक राहिला आहे. एकाची दोन बोटे काढलेली आहेत, तयार मोज्याचे रिकामे टोक दुमडून त्यांना चालताना टोचते. एका काकूंचा एक पाय हत्तीरोगाचा, त्या पायाला कुठल्याच दुकानातला मोजा चढत नाही आणि त्यांनी वीस वर्षांत मोजा घातलेला नाही. या आठ माणसांसाठी कारखाना चालणार नाही. त्यांच्यासाठी सुयाच लागतील, एका पायाला बावन्न टाके तर दुसऱ्याला अडुसष्ट.

पायांबरोबर नक्षी कोणाची हा प्रश्नही आमच्यापुढे आला, आणि तो आणला हिमालयातून आलेल्या एका जोडीने. आमच्यापैकी एकीचा भाचा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. मनाली-लेह रस्त्यावरून येताना त्याने मावशीसाठी केलाँगच्या बाजारातून हाताने विणलेली मोज्यांची जोडी आणली. पाच-सहा रंगांचे पट्टे, कोनाकोनांची नक्षी. बाईंच्या शिकवणीप्रमाणे आम्ही ती आधी उलटी केली. आत एकही फास नाही. ज्या बाईने ती विणली तिला माहीत होते की हा मोजा पायात जायचा आहे.

त्या मोज्यांचा इतिहास आपल्या ख्रिस्ती लोकांना ठाऊक असावा असा आहे. ऑगस्ट विल्हेल्म हायडे आणि एडवर्ड पागेल हे दोन मोरावियन मिशनरी जर्मनीहून निघाले ते मंगोलियाला जायचे म्हणून. रशियाने वाट दिली नाही, म्हणून ते हिंदुस्थानातून आले. पुढे तिबेटनेही आत घेतले नाही. तेव्हा १८५६ साली ते लाहौलच्या खोऱ्यात केलाँगला थांबले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच जागा. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू होईपर्यंत रोहतांग खिंडीत बर्फ पडले की हे खोरे कित्येक महिने जगापासून तुटायचे. १८५९ साली मारिया हार्टमान तिथे पोहोचली आणि हायडे यांच्याशी तिचे लग्न झाले. तिचा जन्म सुरिनाममधला, आईवडील तिथे मिशनरी. ती केलाँगमध्ये जवळजवळ चाळीस वर्षे राहिली, आणि तिथल्या बायका-मुलींना जमवून तिने विणकामाची शाळा चालवली.

बाप्तिस्मे किती झाले? फार थोडे. आपल्या वार्षिक अहवालांच्या मोजपट्टीने पाहिले तर केलाँगची सेवा नापासच म्हणावी लागेल. मोजे विणणे मात्र खोऱ्यात राहिले. मेंढ्या तिथल्या, हिवाळा तिथला, पाय तिथले. २०२१ साली लाहौलच्या हातविणीच्या मोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ही वस्तू लाहौलची, असा सरकारी शिक्का. जर्मनीहून आलेल्या मोज्यांच्या पेट्या दर नाताळात तिथे वाटल्या असत्या तर हे झाले नसते, असे आम्हाला वाटते. मारियाबाईंनी सुया आणि टाका दिला, आणि त्यावर काय उमटवायचे ते त्या बायकांनी ठरवले. आम्ही मात्र बेळगावात बसून, आश्रमातल्या वेगवेगळ्या जातिधर्मांच्या तीस माणसांना न विचारता, सगळ्यांच्या पायांवर बेथलेहेमची चांदणी काढत होतो. ती कोणाला नको होती असे नाही. आम्ही विचारले नव्हते, इतकेच.

आता विचारतो. मास्तरांना नक्षीच नको आहे, राखाडी साधा मोजा हवा. हत्तीरोगाच्या काकूंना "कुठलं बी चालंल, पर हिरवा." तळव्यात आणि बोटांपाशी आम्ही कोणालाच नक्षी घालत नाही, तिथे एकपदरी साधे विणतो. नक्षी घोट्याच्या वर, तीही मागचा धागा तीन टाक्यांपेक्षा लांब मोकळा राहणार नाही अशीच.

कमिटीला आम्ही लेखी कळवले आहे की बावीस जणांना तयार मोजे घ्यावेत, आठ जणांचे आमच्याकडे सोडावेत, आणि फेब्रुवारीत काय झाले तेही त्या पत्रात आहे. काकांनी पत्र वाचून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे फक्त एवढेच विचारले, "टेप किती फुटी लागतो? मी गुरुवारी मोकळा असतो."

पट्टीवाल्या आजी आठांपैकी एक. तीन गुरुवार त्यांनी पाय दिले नाहीत. आम्ही शेजारी बसून दुसऱ्यांचे मोजे विणत राहिलो, त्या पाहत राहिल्या. चौथ्या गुरुवारी त्यांनी आपल्या ट्रंकेतून जुनी इरकल काढून दाखवली. तांबडा पदर, त्यावर पांढरे, फणीसारखे दाते. "हे असलं येतंय व्हय तुमाला?" एक दाता काढून पाहिला तर तो चार टाक्यांत बसतो. आजींचा डावा पाय साडेआठ इंच, उजवा नऊ. डाव्याला साठ टाके, उजव्याला चौसष्ट, आणि दोन्हींना चाराने भाग जातो. आठाच्या चांदणीने जो पाय आम्हाला कधी सापडला नसता तो आजींच्या पदराने सापडला.

गेल्या गुरुवारी उजवा मोजा टाच वळून पावलापर्यंत आला होता. घालून पाहायचा म्हणून आम्ही टाके सुयांवरून धाग्यावर उतरवून नेला. आजींनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि आत बोट घालून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवले.

"हितं टोचायला काय न्हाई नव्हं?"

"नाही आजी."

त्यांनी तो सुलटा करून आमच्या हातात दिला आणि पाय पुढे केला.